उच्चार बदलण्याआधी

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्गातली पाच मुलं सात आठवडे तुझ्या उच्चारांची नक्कल करताहेत आणि तुझ्या फोटोचा स्टिकर ग्रुपवर फिरवताहेत, हे तू चार पानं भरून लिहिलं आहेस, आणि त्याच्या शेवटी एकच प्रश्न आहे: ‘मी माझं बोलणं बदललं तर हे थांबेल का?’ आधी त्याचंच उत्तर देते, कारण तुझी सगळी घालमेल तिथेच अडकली आहे. बहुतेक थांबणार नाही. जे तुझ्या उच्चारांची नक्कल करतात, त्यांना तुझे उच्चार सुधारलेले नको आहेत, निमित्त हवं आहे आणि ते आयतं हाताशी सापडलं आहे. उद्या तू त्यांच्यासारखं बोलू लागलीस, तर ‘आली मोठी, आता आमची भाषा बोलायला लागली’ हे नवं वाक्य तयारच असेल. शिवाय प्रत्येक शब्द तोंडातून काढण्याआधी तपासायची सवय लागली की माणूस हळूहळू बोलणंच कमी करतो. वर्गात हात वर करणं तू सोडलं आहेस, असं तूच लिहिलं आहेस.

वेगळ्या तऱ्हेने बोलायला शिकण्यात वाईट काही नाही. पुष्कळ माणसं घरी एक आणि बाहेर दुसरी अशा दोन तऱ्हांनी सहज बोलतात. फक्त तो निर्णय आत्ता, या धाकाखाली घेऊ नकोस. हे सगळं थांबून दोन-तीन महिने झाले की स्वतःला पुन्हा विचार: कुणीही ऐकत नसताना मला हा बदल हवासा वाटतो का? तेव्हा ‘हो’ आलं तर खुशाल शीक.

आता जे चाललं आहे त्याला आधी नाव देऊ, कारण ‘अगं मस्करी असते ती’ हे वाक्य तुला तीन वेगवेगळ्या मोठ्या माणसांनी ऐकवलं आहे. डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात शाळांमधल्या दादागिरीचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांच्या व्याख्येतल्या तीन खुणा आजही वापरल्या जातात: दुखावण्याचा हेतू, तेच पुन्हा पुन्हा होणं आणि दोन बाजूंच्या ताकदीत तफावत. ताकद म्हणजे फक्त अंगातलं बळ नव्हे. पाचजण विरुद्ध एकटी, ग्रुपचा अ‍ॅडमिन असणं, शिक्षकांचा लाडका असणं, हीसुद्धा ताकदच. मस्करीत आज तुझी पाळी, उद्या माझी, असं चालतं, दोघंही हसतात आणि एकाने ‘पुरे’ म्हटलं की ती थांबते. तुझ्या बाबतीत पाचजण आहेत, सात आठवडे झाले आणि तू दोनदा ‘पुरे’ म्हटलं आहेस. याला बुलिंग म्हणतात. बोलताना आणि लिहिताना हाच शब्द वापर.

स्टिकरबद्दल वेगळं सांगायला हवं. तुझ्या फोटोचा स्टिकर ज्याने बनवला तो म्हणेल, ‘मी एकदाच तर केलं.’ खरं आहे, बनवला एकदाच. पण तो ग्रुपवर रोज फिरतो, आणि पुनरावृत्ती करतात ती पुढे पाठवणारी बोटं. म्हणून नोंद करताना बनवणारा आणि पाठवणारे, दोघांचीही करायची.

‘दुर्लक्ष कर, आपोआप थांबतील’ हा सल्ला तुला सगळ्यांत जास्त मिळाला असेल. एखाद्या अनोळखी माणसाने रस्त्यात एकदा काही म्हटलं तर तो बरोबर आहे. जिथे रोज त्याच वर्गात त्याच माणसांमध्ये बसायचं आहे तिथे तो चालत नाही, कारण तुझं गप्प बसणं बाकीच्यांना परवानगीसारखं दिसतं. आणि ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हे तर सांगून होण्यासारखंच नाही. संशोधक एक साधा संगणकी खेळ वापरतात: तिघं एकमेकांकडे चेंडू टाकतात आणि थोड्या वेळाने दोघं तिसऱ्याला चेंडू देणं बंद करतात. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना आधीच सांगितलं होतं की समोरचे दोन खेळाडू माणसं नाहीत, संगणक आहे. तरीसुद्धा वगळल्यावर त्यांना वाईट वाटलं. यंत्राने वगळलं तरी माणसाला लागतं. तुला लागलं यात तुझ्या मनाचा कच्चेपणा शोधू नकोस.

त्या क्षणी करायचं ते अगदी थोडं आहे. नक्कल सुरू झाली की ज्याने सुरू केली त्याचं नाव घे, नेहमीच्या आवाजात एकच छोटं वाक्य म्हण आणि तिथून निघ: ‘अमुक, ही नक्कल थांबव.’ निघताना माणसं असतील त्या बाजूला जा, जिन्याच्या कोपऱ्याकडे किंवा स्वच्छतागृहाकडे नको. हे वाक्य घरी दहा वेळा मोठ्याने म्हणून ठेव. छातीत धडधडत असताना नवं वाक्य सुचत नाही, पाठ असलेलं मात्र बाहेर येतं. उच्चार असे का आहेत हे समजावत बसू नकोस, कारण त्या खुलाशाचीच पुढची नक्कल होते. स्वतःवर विनोद करून मोकळं व्हावं असा मोहही होईल, आणि पहिल्या दिवशी त्याने सुटल्यासारखं वाटेल. दुसऱ्या दिवशी मात्र ‘ती स्वतःच हसते की’ हे सगळ्यांचं उत्तर होतं आणि शिक्षकांसमोर तुझी बाजू लंगडी पडते. अंगावर कुणी येत असेल तर वाक्यबिक्य काही नाही, सरळ निघून जा आणि त्याच तासाला कुणा मोठ्याला सांग.

फोनवर उत्तर देऊ नकोस. आधी स्क्रीनशॉट. त्यात ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. आधीचे आणि नंतरचे दोन-दोन मेसेजही घे, नाहीतर ‘संदर्भ वेगळा होता’ हे उत्तर ठरलेलं असतं. चित्र स्वतःला ईमेल करून ठेव, कारण फोन बिघडतो आणि मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. रिपोर्ट आणि ब्लॉक त्यानंतर. क्रम उलटला तर पुरावा हातचा जातो. तो स्टिकर मैत्रिणींना दाखवायलासुद्धा पुढे पाठवू नकोस, स्क्रीनवर दाखव. कधी एखादा फोटो अश्लील केलेला असेल तर मात्र प्रती काढत बसायचं नाही. तसाच फोन घेऊन विश्वासातल्या मोठ्या माणसाकडे जायचं.

यानंतरची गोष्ट सगळ्यांत कंटाळवाणी आहे आणि सगळ्यांत उपयोगाची: एक छोटी वही. रोज संध्याकाळी, ज्या दिवशी काही घडलं त्याच दिवशी, दहा मिनिटं. तारीख आणि वेळ. जागा. जे बोललं किंवा केलं गेलं ते शब्दशः, अवतरणचिन्हांत, घाणेरडा शब्द असला तरी तसाच. कुणी केलं आणि कुणी पाहिलं. मी काय केलं आणि पुढे काय झालं. विशेषणं नकोत. ‘सगळे मला नेहमी खूप त्रास देतात’ या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘मंगळवार, तिसरा तास संपल्यावर, दुसऱ्या मजल्यावरचा पॅसेज, अमुकने मी वाचलेली ओळ माझ्या आवाजात तीनदा म्हटली, तमुक आणि आणखी दोघं हसले, मी पुढे गेले’ यावर करता येतं. काही घडलं नाही त्या दिवशी तारीख टाकून ‘काही नाही’ असं लिही. ते कोरे दिवसही बोलतात.

तीन आठवडे झाले की वही समोर घेऊन मोज. अकरा नोंदींपैकी आठ त्याच पॅसेजमधल्या, त्याच दहा मिनिटांतल्या निघाल्या तर नवल वाटून घेऊ नकोस. जिथे मोठ्यांची नजर नसते तिथे हे जास्त घडतं, हे जवळपास सगळीकडे दिसतं. मग तुझी मागणी आपोआप बदलते. ‘त्यांना शिक्षा करा’ ही मागणी ऐकणाऱ्याला अवघड जाते. ‘तिसऱ्या तासानंतरची दहा मिनिटं त्या पॅसेजमध्ये कुणीतरी उभं राहावं’ ही उद्यापासून पुरी करता येते.

मनातलं लिहायचं असेल तर ती वही वेगळी ठेव. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1980 च्या दशकात ज्या पद्धतीचे प्रयोग सुरू केले, ती साधी आहे: ओळीने चार दिवस, रोज 15 मिनिटं, जे सलतं आहे त्याबद्दल न थांबता लिहायचं, शुद्धलेखनाकडे न पाहता. घटना घडल्या घडल्या हे करू नकोस, दोन-चार दिवस जाऊ दे. लिहिताना आणखीच खोल जातेय असं वाटलं तर पेन खाली ठेव आणि कुणाशी तरी बोल.

वहीवरून आठवलं. तुझ्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे: ‘तसल्या घरची मुलं तशीच असणार.’ रागात लिहिलं आहेस, समजू शकते. पण तुझ्याबद्दल जे बोललं जातं त्याचा साचा नेमका हाच आहे: ‘त्यांच्यातले असेच.’ वहीत माणसाचं नाव आणि त्याने केलेली कृती येऊ दे, त्याच्या घरादाराची जात-जमात काढू नकोस. यात चांगुलपणाचा भाग आहेच, पण व्यवहाराचाही आहे. ज्या क्षणी तू त्यांच्या घराबद्दल बोलशील, त्या क्षणी विषय तुझ्यावरच्या त्रासावरून तुझ्या बोलण्यावर सरकेल.

आता मोठ्या माणसाकडे जाणं. पदाने मोठा तोच उपयोगाचा असं नसतं. मागच्या काही महिन्यांत तुझ्याशी बोलताना सल्ला देण्याआधी प्रश्न कुणी विचारला, ते आठव. तो माणूस वर्गशिक्षक असेल, ग्रंथपाल असेल, खेळाचे शिक्षक असतील. पॅसेजमध्ये घाईत गाठू नकोस. ‘मला तुमची पंधरा मिनिटं हवी आहेत, एकांतात’ असं सांगून वेळ घे. सोबत एका पानाचा गोषवारा ने: किती आठवड्यांत किती वेळा, कुठे, कोण, स्क्रीनशॉट किती, आणि तुला काय हवं आहे. शेवटचा मुद्दा बरेचजण लिहायचे विसरतात आणि मग समोरचा त्याच्या मनाने काहीतरी करून बसतो. तुझ्या जागी मी तीन गोष्टी मागितल्या असत्या: स्टिकर ग्रुपवरून आणि सगळ्यांच्या फोनमधून काढायला सांगणं, त्या दहा मिनिटांची देखरेख, आणि आमनेसामने बसवून समेट घडवू नये ही विनंती.

तिसऱ्या मागणीची फोड करते, कारण चांगल्या मनाची माणसंसुद्धा इथे चुकतात. दोघांना समोर बसवायचं, ‘चला, हात मिळवा’ म्हणायचं आणि विषय संपवायचा. दोन सारख्या ताकदीच्या मुलांचं भांडण असेल तर हे ठीक आहे. बुलिंगमध्ये एक बाजू दुसरीला आधीच घाबरलेली असते. ती सगळ्यांसमोर ‘काही नाही, मिटलं’ म्हणते, दुसरी बाजू गोड बोलते आणि खोलीबाहेर पडल्यावर ‘नाव सांगतेस काय’ सुरू होतं. तुला असं बसवायला लागले तर म्हण: ‘सर, हे आमचं भांडण नाही. मला त्यांच्यासमोर मोकळं बोलता येणार नाही. तुम्ही त्यांच्याशी वेगळं बोला.’ तशीच दुसरी चूक म्हणजे तुझीच तुकडी बदलणं. तुला स्वतःला हवी असेल तर हो म्हण, पण मैत्रिणी, बाक, वर्ग हे सगळं त्रास झालेल्या मुलीनेच सोडायचं हा न्याय नव्हे, असं म्हणायचा तुला हक्क आहे.

भेट झाली की त्याच दिवशी थोडक्यात लेखी दे: आज अमुक वेळी भेटले, हे सांगितलं, हे करू असं तुम्ही म्हणालात. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेव आणि त्यावर तारखेसह पोच घे. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. पोच असलेला कागद कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. सात दिवस वाट पाहा. काहीच हललं नाही तर तीच प्रत जोडून वरच्या पायरीवर जा. सांगितल्यानंतर पहिले काही दिवस त्रास वाढूही शकतो, हे आधीच माहीत असू दे. तसं झालं तर ‘सांगून चूक केली’ असं समजून गप्प बसू नकोस. तेही वहीत लिही आणि त्याच दिवशी कळव.

घरी सांगितलं नाहीस, कारण बाबा चिडून त्या मुलांच्या घरी जातील अशी तुला भीती आहे. मग तोंडी सुरुवात करू नकोस. वही त्यांच्या हातात दे आणि वरच्या पानावर लिही: ‘मला तुम्ही सोबत हवे आहात. त्यांच्या घरी जाऊ नका, आधी शाळेत माझ्याबरोबर या.’ कागद हातात असला की माणूस आधी वाचतो, आणि राग निवायला तेवढा वेळ मिळतो.

वर्गातल्या बाकीच्यांकडे वळते. तू लिहिलंस, ‘सगळा वर्ग त्यांच्या बाजूने आहे.’ असं वाटतं खरं, पण सहसा तसं नसतं. फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं की अशा वर्गात अनेक भूमिका असतात: पुढाकार घेणारा, त्याला हात देणारे, हसून चढवणारे, बाजूला उभे राहणारे आणि त्रास होणाऱ्याची बाजू घेणारे. तुझ्या पाचांपैकी पुढाकार एकाचाच दिसतो. उरलेल्यांचं हसणं हे त्याचं खतपाणी. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेल्या अभ्यासात, जो 2001 मध्ये प्रसिद्ध झाला, 88 टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली ती फक्त 19 टक्के प्रसंगांत. जिथे पडली, तिथे निम्म्याहून जास्त वेळा, 57 टक्के, दहा सेकंदांत प्रकार थांबला. दहा सेकंद! त्यामुळे पूर्ण वर्ग वळवायच्या मागे लागू नकोस. बाजूला उभ्या असलेल्यांपैकी एक-दोन निवड, ज्यांच्या चेहऱ्यावर तुला संकोच दिसला असेल. त्यांना एकेकटं गाठ आणि छोटंसं काम सांग: ‘तो सुरू झाला की हसू नकोस, आणि मला हाक मारून तिथून घेऊन जा.’ ‘माझी बाजू घे’ असं मोघम मागितलं तर लोक घाबरतात. ‘हाक मार’ हे कुणालाही जमतं. युनेस्कोच्या 2019 च्या अहवालाप्रमाणे जगभरात साधारण तीनातल्या एका विद्यार्थ्याला मागच्या महिनाभरात असा त्रास झालेला असतो. तेव्हा तुझ्याच वर्गात ज्याला हे आतून कळतं असं कुणीतरी असण्याची शक्यता बरीच आहे.

छळ आज ना उद्या थांबवता येतो. शिक्का जास्त टिकतो, कारण तो बोलणारा समोर नसतानाही आपलं काम करत राहतो. ‘असं बोलणारे अभ्यासात मंदच’ हे ऐकून तू गणिताच्या पेपरात गडबडलीस, असं लिहिलं आहेस. क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये अमेरिकेत हेच तपासलं. तेच कठीण प्रश्न ‘ही तुमच्या कुवतीची परीक्षा आहे’ असं सांगून दिले, तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या मागे पडले. ‘फक्त कोडी सोडवायची आहेत’ म्हटल्यावर फरक बराच कमी झाला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या शाळकरी मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही, तेव्हा ‘वरच्या’ आणि ‘खालच्या’ ठरवलेल्या जातींतली मुलं बरोबरीत होती. सगळ्यांसमोर नावाबरोबर जात वाचून दाखवली, तेव्हा ‘खालच्या’ ठरवलेल्या जातीतल्या मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, कोडीही तशीच.

हा परिणाम सगळीकडे सारखा दिसतो असं मात्र समजू नकोस. नेदरलँड्समधल्या 2,000 हून जास्त विद्यार्थिनी-विद्यार्थ्यांवर झालेल्या 2018 च्या एका मोठ्या अभ्यासात गणिताच्या परीक्षेत तो सापडला नाही. म्हणून ‘शिक्का ऐकला, आता माझा पेपर बिघडणारच’ असं काही नाही. बिघडतो तेव्हा कारण साधं असतं: डोक्यातली थोडीशी जागा ‘मी मंद दिसत नाही ना’ या पहाऱ्यावर खर्च होते आणि गणिताला कमी उरते. 2005 च्या एका प्रयोगात परीक्षेआधी विद्यार्थिनींना एवढंच समजावलं होतं की तुम्हाला अस्वस्थ वाटलं तर ते ‘मुलींना गणित जमत नाही’ या प्रचलित समजामुळे असू शकतं, तुमच्या कुवतीमुळे नाही. त्यांची घसरण झाली नाही. तर पेपर हातात आला की कोपऱ्यात एक छोटी खूण कर, जिचा अर्थ फक्त तुला माहीत आहे: ही धडधड त्या वाक्याची आहे. मग सगळ्यांत सोपा प्रश्न आधी सोडव.

शिक्क्याचा आणखी एक चोरटा त्रास असतो. गुण कमी पडले की कळत नाही, उत्तर चुकलं की माझ्याबद्दलचं मत आडवं आलं. कौतुक झालं तरी शंका येते, कीव म्हणून तर नाही? यावर मनात चर्चा करून काही हाती लागत नाही. थेट विचार: ‘या उत्तरात दोन गुण नेमके कुठल्या पायरीवर गेले?’ जे शिक्षक पायरी दाखवतात आणि ‘हे जमेल तुला, पुन्हा करून आण’ म्हणतात, त्यांची टीका कडक असली तरी घे. जे नुसतं ‘छान प्रयत्न’ म्हणून वही परत देतात, त्यांच्याकडे पुन्हा जाऊन तोच प्रश्न विचार.

आणि आता ते, जे तू ओझरतं लिहून पुढे गेलीस: ‘माझ्यासारखं बोलणारं कुणी मी कधी स्टेजवर पाहिलं नाही. विनोदी पात्र म्हणून पाहिलंय.’ माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ हीच. त्या पाच मुलांनी तुझी नक्कल स्वतः शोधून काढलेली नाही, ती त्यांना तयार मिळाली. असं बोलणारा माणूस डॉक्टर, न्यायाधीश, सूत्रसंचालक म्हणून कधी दिसला नाही आणि हसवायला मात्र दिसला, तर दुसरं काही त्यांना सुचणार कुठून? डेव्हिड चेंबर्स यांनी 1983 मध्ये 4,807 मुलांच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘शास्त्रज्ञाचं चित्र काढा’ एवढंच सांगितलं होतं. स्त्री शास्त्रज्ञ फक्त 28 चित्रांत होती, आणि ती सगळी चित्रं मुलींनीच काढलेली होती. जे दिसत नाही ते मनात येत नाही, स्वतःबद्दलसुद्धा. 2017 च्या एका अभ्यासात सहा वर्षांच्या मुलींमध्येच ‘खूप हुशार माणूस’ म्हणजे आपल्यातली कुणी, असं वाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा कमी झालेलं दिसलं. पाच वर्षांच्या मुलींमध्ये तो फरक नव्हता.

उलटंही घडतं, पण त्याला वेळ लागतो. पश्चिम बंगालमधल्या गावांच्या एका अभ्यासात, जो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, जिथे सरपंचपद सलग दोन निवडणुकांत स्त्रीसाठी राखीव होतं, तिथे किशोरवयीन मुलगे आणि मुली यांच्या आकांक्षांमधलं अंतर सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेलं आढळलं. दोन निवडणुका हा मुद्दा लक्षात घे. एखादीच व्यक्ती एकदाच दिसली तर लोक तिला अपवाद ठरवून मोकळे होतात: ‘ती वेगळी आहे, बाकीचे तसेच.’

म्हणून पत्रात तू जी शपथ घेतली आहेस, की मी पहिली येऊन सगळ्यांना खोटं पाडेन, ती मला नको वाटते. खूप अभ्यास कर, पहिलीही ये, पण त्या कामासाठी नको. तू पहिली आलीस तर तू अपवाद ठरशील, आणि नापास झालीस तर तुझ्यासारखं बोलणारे सगळेच नापास ठरतील. या खेळाचे नियमच असे आहेत. समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी 1977 मध्ये लिहिलं की एखाद्या गटात एका प्रकारची माणसं साधारण 15 टक्क्यांपेक्षा कमी असली, की त्यांच्याकडे माणूस म्हणून न पाहता त्या प्रकाराचे प्रतिनिधी म्हणून पाहिलं जातं. त्यांची प्रत्येक चूक ठळक होते. तुमच्या वर्गात तू एकटी आहेस, म्हणजे चाळिसात एक. ‘तुमच्याकडे असंच असतं का गं?’ असं कुणी विचारलं तर ‘मी माझ्यापुरतं सांगू शकते’ एवढं म्हणून स्वतःपुरतंच सांग.

तुझ्यासारखं बोलणारी माणसं शोध, पण फार लांबची नकोत. दूरच्या प्रसिद्ध माणसाचा रस्ता दिसत नाही, फक्त पोचलेलं ठिकाण दिसतं. तुझ्या दोन ते पाच वर्षं पुढे असलेली तीन माणसं गाठ. प्रत्येकाकडे वीस मिनिटं माग आणि विचार: पहिल्या वर्षी कोण काय बोललं, तू काय केलंस, कशाचा उपयोग झाला नाही? तिघांकडून विचारायचं, कारण एकाचं उत्तर त्याच्या स्वभावाचं असतं. तिघांमध्ये जे सारखं निघेल ते घे.

आणि शाळेतलं एक काम, तेही एकटीने नको, त्या हाक मारणाऱ्या मैत्रिणीबरोबर. परिपाठाला आणि कार्यक्रमांना बोलायला दरवेळी तीच चार मुलं उभी असतात, कारण ‘त्यांचे उच्चार चांगले’. मागच्या दहा कार्यक्रमांत कोण बोललं त्याची यादी काढ. ती यादी घेऊन वर्गशिक्षकांना सुचव की बातम्या वाचण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने फिरावी. कुणावर आरोप नाही, कुणाची निवड नाही, क्रमांक आला की उभं राहायचं. जे वर्षभर चाळीस तऱ्हांचे आवाज ऐकतात त्यांना एका आवाजाचं नवल फार दिवस राहत नाही. तुझा क्रमांक येईल तेव्हा आदल्या दिवशी तीनदा मोठ्याने वाच, तुझ्याच उच्चारांत.

झोपेचं लिहिलं आहेस, रविवारी रात्री पोट दुखतं तेही. शरीर असंच सांगतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बिघडलेली असेल, आवडीचं काही करावंसं वाटत नसेल, शाळा बुडवायला लागली असशील, तर डॉक्टर किंवा समुपदेशकांकडे जायची वेळ झाली आहे, वहीतली तीन आठवड्यांची मुदत इथे लावू नकोस. आणि ‘आपण नसलेलंच बरं’ किंवा स्वतःला इजा करावी असा विचार एकदाही आला, तर पोच, अर्ज, सात दिवस यातलं काहीही नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला घरातल्या माणसाला सांग: ‘मला एकटीला ठेवू नका.’ ते जवळ नसतील तर मदतवाहिनीला फोन कर. तो नंबर आजच कागदावर लिहून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेव, फोन बंद असला तरी सापडेल असा.

आज वही घे आणि पहिल्या पानावर मागच्या सोमवारपासूनचं जेवढं शब्दशः आठवतं तेवढंच लिही. जे नीट आठवत नाही ते सोडून दे. शिक्षकांबरोबरची पंधरा मिनिटं ठरली की मला कळव, त्या एका पानाचा मसुदा आपण आधी मिळून पाहू.

तुझी,
ताई